व्हिटॅमिन डी, ल्युकेमियाच्या पेशी आणि जीन एक्सप्रेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्यात राहते, काम सेल कल्चरच्या लॅबमध्ये, आणि गेली बरीच वर्षं ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, पेशी वाढवणं, त्यांना काय काय देऊन बघणं, मग त्यातला आरएनए, म्हणजे जीनची निघालेली कॉपी, काढून मोजणं हेच चाललंय. घर दांडिया बाजारात, त्यामुळे गणपतीत आरती झाली की प्रसाद घेता घेता कोणीतरी विचारतंच, "अगं तू ते कॅन्सर आणि व्हिटॅमिन डीचं करतेस ना, मग आमच्या वहिनींना चालू करू का?" आणि दुसऱ्या बाजूनं एमएससीची मुलं रात्री अकराला मेसेज करतात, मॅम सीटी व्हॅल्यू (आरएनए मोजायचा आकडा, पुढे सांगते) ३६ आलीय ती धरायची का सोडायची. दोघांसाठी एकत्रच लिहून ठेवते. घरच्यांना मधला लॅबचा भाग जड गेला तर सोडा, पण वाचलात तर मी वहिनींच्या बाबतीत "थांबा" का म्हणते ते नीट कळेल.

व्हिटॅमिन डी घेऊन ब्लड कॅन्सर बरा होतो का?

नाही. ल्युकेमियाची ट्रीटमेंट म्हणून नुसतं व्हिटॅमिन डी देत नाहीत, आणि कोणी केमो थांबवून हे सुरू करा म्हणत असेल तर कृपया ऐकू नका. लॅबमधल्या डिशमध्ये मात्र व्हिटॅमिन डीचं सगळ्यात तयार रूप, म्हणजे कॅल्सिट्रायॉल, काही प्रकारच्या ल्युकेमियाच्या पेशींना कॅन्सरसारखं वागणं सोडायला लावतं, हेही तितकंच खरं आहे आणि ४० वर्षांहून जास्त काळ जगभरच्या लॅबनी ते परत परत बघितलंय. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, तेवढंच मला इथे सांगायचंय.

हे सुरू कुठून झालं?

जपानमधून. तोपर्यंत व्हिटॅमिन डी म्हटलं की हाडं, कॅल्शियम, लहान मुलांचा मुडदूस, एवढंच. १९८१ मध्ये एत्सुको आबे, तात्सुओ सुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या एम१ नावाच्या ल्युकेमियाच्या पेशींवर कॅल्सिट्रायॉल घातलं आणि त्या पेशी मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींसारख्या वागायला लागल्या, तळाला चिकटायला लागल्या, कण गिळायला लागल्या. त्याच वर्षी माणसाच्या एचएल-६० पेशींमध्येही तसंच दिसलं. १९८३ मध्ये एम१ पेशी टोचलेले उंदीर व्हिटॅमिन डीच्या औषधानं जास्त दिवस जगले असं आलं, आणि त्याच वर्षी एचएल-६० मध्ये मिक नावाच्या जीनचा आरएनए खाली जातो हेही छापून आलं. हाडांच्या व्हिटॅमिनचा आणि कॅन्सरच्या जीनचा संबंध असा पहिल्यांदा कागदावर आला, लोक हरखले असतील त्यात नवल नाही, मी कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीसुद्धा हरखले होते.

डिफरन्शिएशन म्हणजे काय, साध्या मराठीत?

कच्च्या पेशीनं पक्कं होणं. हाडांच्या आतल्या मगजात रक्ताच्या पेशी तयार होतात, तिथे सुरुवातीला पेशी कच्ची असते, तिचं काम फक्त वाढणं आणि विभागणं, मग हळूहळू ती आपल्या कामाची होते, कोणी जंतू गिळणारी, कोणी ऑक्सिजन वाहणारी, आणि काम शिकली की विभागणं थांबवते. अक्यूट मायलॉइड ल्युकेमियामध्ये ही पेशी मधेच अडकते. ती पक्की होत नाही आणि विभागणंही सोडत नाही, म्हणून मगज या कच्च्या ब्लास्ट पेशींनीच भरून जातो आणि कामाच्या पेशींना जागा उरत नाही. पेशंटला थकवा, ताप, इन्फेक्शन, हिरड्यांतून रक्त, हे सगळं त्यातूनच येतं.

केमो अशा पेशींना मारते. डिफरन्शिएशन थेरपीचा विचार वेगळा, की अडकलेल्या पेशीला पुढे ढकला, ती पक्की झाली की आपणहून विभागणं थांबवेल आणि आपलं आयुष्य संपवून जाईल.

एचएल-६० काय आहे? नाव सगळीकडे दिसतं.

१९७७ मध्ये अमेरिकेत एका ३६ वर्षांच्या बाईंच्या रक्तातून काढलेल्या ल्युकेमियाच्या पेशींची ही लाइन, तेव्हापासून ती जगभर फ्रीझरमधून फ्लास्कमध्ये, फ्लास्कमधून फ्रीझरमध्ये चालूच आहे. त्या बाईंचं आयुष्य त्या आजारानं घेतलं आणि त्यांच्या पेशींवर हजारो लोक शिकले, मी फ्लास्क हातात घेताना हे विसरत नाही. सुरुवातीला याला प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया म्हटलं गेलं, पण त्या आजाराची जी ओळख, १५ आणि १७ नंबरच्या क्रोमोसोमची अदलाबदल, ती यात नाहीच, म्हणून पुढे वर्गवारी बदलली.

एचएल-६० ची गंमत अशी की ती दोन रस्त्यांनी जाऊ शकते. रेटिनोइक ॲसिड (व्हिटॅमिन ए चं एक रूप) किंवा डीएमएसओ नावाचं रसायन दिलं तर ग्रॅन्युलोसाइटकडे, कॅल्सिट्रायॉल दिलं तर मोनोसाइटकडे, दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार. पेशी तीच, इशारा बदलला की रस्ता बदलतो. याशिवाय यू-९३७ आणि टीएचपी-१ या दोन लाइन वापरतात, त्या आधीच मोनोसाइटच्या बाजूला झुकलेल्या आहेत, त्यामुळे तिन्हींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून घाबरू नका.

जीन एक्सप्रेशन बदलतं म्हणजे जीन बदलतात का?

नाही, आणि हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. आमच्या आजीकडे एक पोथी होती, सगळे अध्याय एकाच कापडात बांधलेले, पण रोज सगळी वाचायची नाही, आज हा अध्याय, उद्या तो. पेशीचं तसंच. डीएनए सगळा तोच राहतो, एक अक्षर बदलत नाही, फक्त कुठला भाग वाचला जातो आणि किती वेळा, ते बदलतं. जीन वाचला की त्याची आरएनए कॉपी निघते, आरएनएवरून प्रोटीन बनतं, आणि पेशी कशी दिसते, काय करते हे त्या प्रोटीनवर ठरतं. म्हणून व्हिटॅमिन डीनंतर एचएल-६० मधलं जे मूळ बिघडलेलं आहे ते बिघडलेलंच राहतं, मिकच्या जादा कॉपी तशाच, पेशीवर लक्ष ठेवणारा पी५३ नावाचा जीन गायब तो गायबच, आणि तरी पेशी वेगळी वागायला लागते.

व्हिटॅमिन डी पेशीत शिरून करतं तरी काय?

आधी हे, की सॅशेमधलं किंवा उन्हातून मिळालेलं व्हिटॅमिन डी तसंच्या तसं कामाचं नसतं. लिव्हर त्याला एक हायड्रॉक्सिल लावते, तेच ते २५-हायड्रॉक्सी जे रिपोर्टमध्ये मोजतात, मग किडनी दुसरं लावते तेव्हा कॅल्सिट्रायॉल होतं. लॅबमध्ये आम्ही बहुतेक वेळा हे शेवटचं रूपच घालतो.

कॅल्सिट्रायॉल तेलकट स्वभावाचं, पेशीच्या पातळ आवरणातून सरळ आत जातं आणि व्हीडीआर नावाच्या रिसेप्टरला जाऊन बसतं. व्हीडीआर मग आरएक्सआर नावाच्या जोडीदाराला धरतो आणि ही जोडी डीएनएवर ठराविक जागी बसते, तिथे सहा अक्षरांचे दोन सारखे तुकडे असतात आणि मधे तीन अक्षरांची फट. जोडी बसली की आजूबाजूला इतर प्रोटीन गोळा होतात, डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो ते हिस्टोन सैल होतात आणि जीन वाचायला सुरुवात होते. पण सैल व्हायला जागा आधीपासून थोडी उघडी लागते, मायलॉइड पेशींत ते काम पीयू.१ नावाचं प्रोटीन करतं. माझ्या मते हे नीट समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण व्हीडीआर तर आतड्याच्या, किडनीच्या, हाडांच्या पेशींतही आहे, मग तिथे कॅल्सिट्रायॉलनं मोनोसाइट का नाही बनत? कारण तिथे मोनोसाइटचे अध्याय बंद असतात, जोडी बसणार कुठे.

अजून एक, कॅल्सिट्रायॉल बसल्यावर व्हीडीआर प्रोटीन लवकर तुटत नाही, जास्त टिकतं, त्यामुळे व्हीडीआरचा आरएनए फारसा न वाढता प्रोटीन वाढलेलं दिसू शकतं. वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन मोजणारं) आणि पीसीआर (आरएनए मोजणारं) जुळत नाही म्हणून एका मुलीनं अख्खा महिना परत परत केलं होतं, दोन्ही बरोबरच होतं तिचं.

कुठले जीन वाढतात, कुठले कमी होतात?

शेकडो बदलतात, सगळी यादी कोणाच्याच कामाची नाही, म्हणून वेळेच्या क्रमानं मला जे महत्त्वाचे वाटतात ते सांगते.

पहिल्या काही तासांत सगळ्यात जोरात उठतो तो सीवायपी२४ए१. हा जीन जे एन्झाइम बनवतो ते कॅल्सिट्रायॉललाच तोडतं. म्हणजे पेशीला इशारा मिळाला रे मिळाला की ती इशारा पुसायची व्यवस्था आधी करते. शरीराच्या दृष्टीनं हे शहाणपणाचं आहे, कारण कॅल्सिट्रायॉल सारखं चढतं राहिलं तर कॅल्शियमचं गणित बिघडेल, पण औषध म्हणून विचार केला तर इथेच पहिली अडचण येते.

मग पी२१. हा पेशीच्या विभागणीला ब्रेक लावतो. साधारणपणे पी२१ ला पी५३ चालू करतो, आणि कॅन्सरमध्ये पी५३ बऱ्याचदा मोडलेला असतो, एचएल-६० मध्ये तर तो नाहीच. १९९६ मध्ये यू-९३७ पेशींवर काम करणाऱ्यांनी दाखवलं की व्हीडीआर पी२१ ला थेट चालू करतो, पी५३ ला न विचारता. मला या सगळ्या विषयात सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. मुख्य दरवाजा कॅन्सरनं तोडून टाकलाय आणि तरी मागच्या बाजूनं आत जायला एक वाट शाबूत आहे. पुढे पी२७ हा दुसरा ब्रेकही वाढतो आणि पेशी जी१ मध्ये, म्हणजे विभागणीच्या तयारीच्या पहिल्या टप्प्यात, थांबतात. लगेच मात्र नाही थांबत, यू-९३७ मध्ये तर सुरुवातीला थोडा वेळ विभागणी उलट वाढते आणि मग थांबते, त्यामुळे २४ तासांनी सेल काउंट जास्त आला तर प्रयोग फसला असं धरू नका.

खाली जाणारा मुख्य म्हणजे मिक. "विभागत राहा" असं सारखं सांगणारा हा जीन एचएल-६० मध्ये अनेक पटीनं कॉपी झालेला आहे, त्यामुळे तो खाली येणं ही मोठी गोष्ट.

मग येतात मोनोसाइटची ओळख सांगणारे, सीडी१४ आणि सीडी११बी. सीडी१४ हा बॅक्टेरियाच्या भिंतीतला एलपीएस नावाचा पदार्थ ओळखायला मदत करतो, म्हणजे तो आला की पेशी खरंच कामाची झालीय असं म्हणता येतं. याला वेळ लागतो, २४ तासांत दिसायला लागतो, ४८ ते ९६ मध्ये भरपूर, कारण मधे एसपी१ आणि सी/ईबीपी बीटा अशी दुसरी प्रोटीनं हात लावतात. आणि कॅथेलिसिडिन, कॅम्प नावाच्या जीनमधून निघणारा जंतू मारणारा छोटा प्रोटीनचा तुकडा, तोही व्हीडीआर थेट चालू करतो, जोरात.

थेट आणि आडून, यातला फरक कसा कळतो?

जुनी युक्ती म्हणजे सायक्लोहेक्सिमाइड, यानं पेशीत नवीन प्रोटीन बनणं बंद होतं. तरीही जीनचा आरएनए वाढला तर व्हीडीआरनं थेट केलं, नाही वाढला तर मधे कोणीतरी आहे. आता चिप-सीक्वेन्सिंगनं व्हीडीआर डीएनएवर नेमका कुठे बसलाय ते दिसतं. पण बसलाय म्हणजे तोच जीन चालू करतोय असं नाही, दोन्ही पुरावे हवेत.

जीन एक्सप्रेशन मोजता कसं?

आधी नॉर्दर्न ब्लॉट करायचे, रेडिओॲक्टिव्ह प्रोब लावून आरएनएचा पट्टा बघायचा. मग हजारो जीन एकदम मोजणारं मायक्रोअरे आलं, आता आरएनए सीक्वेन्सिंग. पण एक-दोन जीनसाठी अजूनही रिअल टाइम पीसीआरच. कोरोनाच्या वेळेला घराघरात लोक सीटी व्हॅल्यू म्हणायला शिकले, तीच ही. जितका आरएनए जास्त तितकी सीटी कमी, आणि एक सीटी म्हणजे साधारण दुप्पट. सीटी ३० वरून २५ वर आली म्हणजे पाच वेळा दुप्पट, ३२ पट.

इथे दोन ठिकाणी लोक पडतात. एक, सीवायपी२४ए१ उपचाराआधी जवळजवळ नसतोच, सीटी ३५-३६, कधी कधी येतच नाही. मग नंतर २४ आली की हिशोब हजारो पट सांगतो आणि पोस्टरवर तो आकडा मोठ्या अक्षरात लागतो. खालचा आकडाच डळमळीत असला तर त्यावरचं गुणोत्तर पक्कं कसं असेल? तिथे "आधी दिसत नव्हता, नंतर ठळक दिसतो" एवढंच लिहा, ते जास्त खरं आहे. दुसरं, ज्याच्याशी तुलना करतो तो हाउसकीपिंग जीन. जीएपीडीएच, बीटा ॲक्टिन हे स्थिर असतात असं धरून चालतात, पण इथे पेशीचा आकार बदलतो, ती चिकटते, पसरते, तिचा सांगाडाच बदलतो, मग ॲक्टिन स्थिर कसा राहील? दोन-तीन जीन तपासून मग निवडा.

आणि पीसीआर सगळ्या पेशींची सरासरी सांगतो. सीडी१४ दहा पट वाढला, पण सगळ्या पेशी दहा पट का अर्ध्या पेशी वीस पट? फ्लो सायटोमेट्री, म्हणजे एकेक पेशी वेगळी मोजणं, केल्याशिवाय कळत नाही, आणि बहुतेक वेळा काही पेशी ऐकतच नाहीत असं दिसतं. मला त्या न ऐकणाऱ्या पेशींचीच जास्त काळजी वाटते, कारण पेशंटमध्ये आजार परत येतो तो अशाच मागे राहिलेल्या पेशींतून. एचएल-६० ला खूप दिवस कॅल्सिट्रायॉलमध्येच वाढवत राहिलं तर त्यातून अशा लाइन निघतात ज्या कॅल्सिट्रायॉल असूनही मजेत विभागतात.

डोळ्यांना काही दिसतं का, का सगळं आकड्यांतच?

दिसतं तर. एचएल-६० गोल असते, मीडियात तरंगते, फ्लास्क जरा हलवला की सगळ्या डोलतात. कॅल्सिट्रायॉल घालून तीन-चार दिवस झाले की फ्लास्क हलवला तरी काही पेशी हलत नाहीत, तळाला धरून बसलेल्या, आणि कडा गोल न राहता पसरलेल्या, एखादीला पाय फुटल्यासारखे. मग एनबीटी टेस्ट करायची, फिकट पिवळं पाणी असतं, जी पेशी पक्की झालीय ती ऑक्सिजनचे रॅडिकल बनवते आणि तिच्या आत निळे-काळे दाणे जमतात. स्लाइडवर मोजायचं, शंभरातल्या किती निळ्या. पहिल्यांदा मी हे मोजलं त्या दिवशी संध्याकाळी सुरसागरच्या काठानं घरी चालत जाताना डोक्यात तेवढंच होतं, की ही पेशी कॅन्सरची होती आणि आज ती जंतू मारायच्या तयारीत बसलीय.

डिशमधला डोस आणि शरीरातला डोस सारखाच असतो का?

अजिबात नाही, आणि बातम्या लिहिणारे नेमकं हेच गाळतात. निरोगी माणसाच्या रक्तात कॅल्सिट्रायॉल साधारण ५० ते १५० पिकोमोलर असतं. डिशमध्ये आम्ही बऱ्याचदा १०० नॅनोमोलर घालतो. नॅनो हे पिकोच्या हजार पट, म्हणजे जवळजवळ हजार पट. कमी डोसलाही थोडा परिणाम दिसतो, पण छान ठळक निळे दाणे आणि सीडी१४ चा उंच डोंगर दिसतो तो या हजार पटीला.

मग पेशंटला जास्त डोस द्यायला काय हरकत आहे?

कॅल्शियम. कॅल्सिट्रायॉल आतड्यातून कॅल्शियम ओढतं, आणि रक्तातलं कॅल्शियम वाढलं की उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, गोंधळल्यासारखं होणं, किडनीवर ताण, हृदयाचे ठोके बिघडणं. १९८० च्या दशकातच मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमच्या (मगजात रक्ताच्या पेशी नीट न बनण्याचा आजार) पेशंटना कॅल्सिट्रायॉल देऊन बघितलं होतं, फायदा थोडा आणि तात्पुरता, आणि कॅल्शियम वाढल्यामुळे डोस पुढे नेता येईना. नंतर कॅल्शियम कमी वाढवणारी रूपं बनवली, त्यातलं पॅरिकॅल्सिटॉल किडनीच्या पेशंटमध्ये वापरतातही, पण ल्युकेमियामध्ये हवा तसा निकाल आला नाही.

आणि सॅशे तर अजून वेगळी गोष्ट. ६०,००० युनिटचा सॅशे म्हणजे दीड मिलिग्रॅम साधं व्हिटॅमिन डी, ते कॅल्सिट्रायॉल नाही. किडनी त्याचं किती कॅल्सिट्रायॉल करायचं ते स्वतः ठरवते, तुम्ही दहा सॅशे घेतले म्हणून रक्तात दहा पट कॅल्सिट्रायॉल होत नाही. पण कॅल्शियमचं विष मात्र होऊ शकतं, कारण २५-हायड्रॉक्सी खूप साठलं की तेही व्हीडीआरला धरायला लागतं.

आमच्या वाड्यातल्या एका काकांच्या बाबतीत हे झालंय. मायलॉइड ल्युकेमिया, केमोचा एक राउंड झालेला. मुलाला मोबाइलवर फॉरवर्ड आलं, "व्हिटॅमिन डी कॅन्सरच्या पेशींना सुधारतं", आणि त्यानं आठवड्याला एक घ्यायचा सॅशे रोज दुधात घालून द्यायला सुरुवात केली, दीड महिना. काका खायचे बंद झाले, पाणी पाणी करायचे, काकूंना ओळखेनात. सगळ्यांना वाटलं कॅन्सर मेंदूत गेला. कॅल्शियम बघितल्यावर कळलं. सलाइन लावून कॅल्शियम खाली आणेपर्यंत पुढचा केमोचा राउंड लांबला. तो मुलगा वडिलांवर जीव टाकणारा, त्यानं वाईट काहीच चिंतलं नव्हतं, आणि फॉरवर्डमधलं वाक्यही डिशपुरतं खरंच होतं, म्हणून मला ते इतकं लागलं. तेव्हापासून मी लॅबच्या बाहेर "व्हिटॅमिन डीनं ल्युकेमियाच्या पेशी सुधारतात" हे वाक्य एकटं कधीच बोलत नाही.

रेटिनोइक ॲसिडचं तर औषध झालं, मग व्हिटॅमिन डीचं का नाही?

फार चांगला प्रश्न. १९८८ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियामध्ये ऑल-ट्रान्स रेटिनोइक ॲसिडचे निकाल छापले, आणि एके काळी काही दिवसांत जीव घेणारा तो आजार आज आर्सेनिकबरोबरच्या ट्रीटमेंटनं बहुतेक पेशंटमध्ये बरा होतो. पण तिथे कुलूप आणि किल्ली जुळतात. १५ आणि १७ च्या अदलाबदलीतून जे विचित्र प्रोटीन तयार होतं त्यात रेटिनोइक ॲसिडचाच रिसेप्टर अडकलेला असतो, तोच पेशीला थांबवून धरतो, आणि रेटिनोइक ॲसिड नेमकं त्यालाच जाऊन सोडवतं. व्हिटॅमिन डीच्या बाबतीत ल्युकेमिया व्हीडीआर बिघडल्यामुळे झालेला नसतो. आपण अडकलेल्या पेशीला बाजूच्या वाटेनं पुढे नेतोय, गाठ सोडवत नाही. व्हीडीआर नसलेल्या उंदरांतही मोनोसाइट बनतातच, म्हणजे ही वाट शरीराची मुख्य वाट नाही.

उंदरांवर दिसलं ते माणसात दिसेल का?

काही दिसेल, काही नाही. कॅथेलिसिडिनचंच बघा, त्या जीनच्या शेजारी व्हीडीआरची जी बसायची जागा आहे ती प्रायमेट्सच्या, म्हणजे माकडं आणि माणसाच्या, डीएनएत शिरलेल्या अलू नावाच्या एका तुकड्यात आहे, उंदरात ती नाहीच. उंदराला कितीही व्हिटॅमिन डी दिलं तरी हा जीन तसा उठणार नाही.

लहान मुलांच्या ल्युकेमियालाही हे लागू आहे का?

मुलांमध्ये जास्त करून लिम्फोब्लास्टिक, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, ल्युकेमिया असतो, हे सगळं काम मुख्यतः मायलॉइडवरचं आहे. त्यामुळे नाही, असंच धरा.

पेशंटचं व्हिटॅमिन डी खरंच कमी आहे, मग द्यायचं का नाही?

कमी असेल तर भरून काढायचं, ते हाडांसाठी, स्नायूंसाठी गरजेचंच आहे, स्टेरॉइड चालू असतील तर जास्तच. फक्त किती आणि किती दिवस हे केमो देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं, त्यांना न सांगता काही नाही, आणि कॅल्शियम आणि क्रिएटिनिन मधे मधे बघायचं.

बडोद्यात एवढं ऊन, तरी डी कमी कसं?

ऊन बाहेर आहे, आपण आत. दुपारी बारा ते दोन, जेव्हा कामाची किरणं मिळतात, तेव्हा एप्रिल-मे मध्ये कोण बाहेर जातंय, आणि गेलं तरी बायका स्कूटीवर दुपट्टा आणि हातमोजे घालून डोळे सोडून सगळं झाकून जातात. सकाळी सातला कमाटीबागेत चालणं तब्येतीला उत्तम पण त्या कोवळ्या उन्हात व्हिटॅमिन डी फारसं बनत नाही. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, अख्खं गाव दिवसभर गच्चीवर असतं, पण वर्षातून दोन दिवसांनी काय होणार.

हळद, रोझमेरी वगैरेचं जे वाचतो ते खरं आहे का?

डिशमध्ये, हो. रोझमेरीतलं कार्नोसिक ॲसिड किंवा हळदीतलं करक्युमिन थोड्या कॅल्सिट्रायॉलबरोबर दिलं तर एचएल-६० मध्ये परिणाम एकट्यापेक्षा जास्त दिसतो. यातली दिशा मला खरंच आवडते, कारण डोस कमी ठेवून काम होत असेल तर कॅल्शियमची अडचण सुटेल. पण जेवणातली हळद आणि डिशमधलं करक्युमिन यांत तेच अंतर आहे जे सॅशे आणि कॅल्सिट्रायॉलमध्ये, शिवाय करक्युमिन पोटातून रक्तात फारच कमी जातं.

एमएससीच्या प्रोजेक्टला हे घ्यायचंय, सुरुवात कशी करू?

एचएल-६० घ्या, कॅल्सिट्रायॉल १ पासून १०० नॅनोमोलरपर्यंत तीन डोस, वेळा ६, २४, ४८, ७२, ९६ तास. जीन चारच पुरे, सीवायपी२४ए१, पी२१, मिक आणि सीडी१४, सोबत एनबीटी. हे नीट झालं तर लवकर उठणारा, ब्रेक लावणारा, खाली जाणारा आणि शेवटी येणारा असे चारही प्रकार एका ग्राफवर दिसतील.

कॅल्सिट्रायॉल इथेनॉलमध्ये विरघळवतात, त्यामुळे कंट्रोलमध्ये तेवढंच इथेनॉल घालायचं, नुसता मीडिया नाही. बाटली उजेडात ठेवू नका, फॉइल गुंडाळा, छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून फ्रीझ करा. माझ्या पहिल्या वर्षी, तेव्हा मी दुसऱ्या एका लॅबमध्ये होते, स्टॉकची बाटली कोणीतरी सगळा वीकेंड बेंचवर ट्यूबलाइटखाली ठेवली आणि पुढचे तीन आठवडे आमच्या कुठल्याच पेशीनं काही ऐकलं नाही, आम्ही पेशी बदलल्या, सीरम बदललं, सगळ्यात शेवटी औषध बदललं. तेव्हापासून नवीन ट्यूब उघडली की पहिल्यांदा सहा तासांचा सीवायपी२४ए१ बघते, तो उठला तरच पुढचं. सीरमच्या बॅचचा नंबरही वहीत लिहा, सीरममधलं प्रोटीन कॅल्सिट्रायॉलला धरून ठेवतं, बॅच बदलली की पेशीपर्यंत पोचणारं प्रमाण बदलू शकतं.

९६ तासांनी सेल गोळा करताना तळाला चिकटलेल्या विसरू नका. मुलं वरचा मीडिया पिपेटनं घेऊन टाकतात आणि फ्लास्क फेकतात, म्हणजे ज्या पेशी सगळ्यात छान पक्क्या झाल्या त्याच कचऱ्यात, आणि मग सीडी१४ कमी आला म्हणून मेसेज. थंड बफर घाला, स्क्रेपरनं हळू सोडवा, वरच्या पेशींबरोबर एकत्र करा, मग आरएनए काढा. आणि शून्य तासाची ट्यूब औषध घालायच्या आधीच भरून, तारीख लिहून उणे ८० मध्ये ठेवा, ती नंतर परत मिळत नाही.